कयाधूकाठून आशिया

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही माळावर कुदळ मारली की आधी मुरूम लागतो आणि मग काळा पाषाण. हा पाषाण आशियात तयार झालेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर साचत गेला आणि दख्खनचे पठार उभे राहिले. त्या काळी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथे रियुनियन बेट आहे त्या बाजूच्या समुद्रात होता. चहूबाजूंनी पाणी होते आणि तो उत्तरेकडे सरकत होता. आशियाला तो येऊन भिडला त्यानंतर, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सेनगावचे डोंगर, औंढ्याच्या देवळाचे चिरे, शेतातल्या विहिरीच्या कडेला निघालेले धोंडे हे सगळे आशियाचे घटक होण्याआधीच घडून बसले होते. आशिया खंडाचा प्राकृतिक आणि मानवी भूगोल सांगणारे हे पुस्तक हिंगोलीच्या वाचकाने हातात घेताना ही एक गोष्ट मनात ठेवावी, असे मला फार वाटते.

याचे कारण आपण खंड ज्या रीतीने शिकतो त्यात आहे. शाळेत आशिया म्हणजे उच्चांकांची यादी. सर्वांत उंच शिखर ८,८४९ मीटरचे एव्हरेस्ट, सर्वांत सखल किनारा मृत समुद्राचा, सर्वाधिक पावसाचे मॉसिनराम, हाडे गोठवणारे सैबेरियातले ओयम्याकोन. जगातल्या दर दहा माणसांपैकी सहा माणसे या एका खंडात राहतात. हे सगळे खरे आहे आणि पाठ करण्यासारखेही आहे. पण या यादीत वाचकाचे स्वतःचे गाव कुठेच येत नाही. त्यामुळे कळमनुरीच्या मुलाला आशिया ही कुठेतरी लांब असलेली जागा वाटते. तो तिथेच उभा आहे, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की आशियाचे वैविध्य त्याच्या जुळणीतून आले आहे. सैबेरियाचा जुना गाभा वेगळा, अरबस्तानचा तुकडा वेगळा, आपला भारतीय भूखंड तर पार दक्षिण गोलार्धातून आलेला. मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता, तो दोन भूखंडांच्या रेट्यात आक्रसत गेला. त्याच्या तळाचा गाळ आज हिमालयात इतका उंच जाऊन बसला आहे की तिथल्या खडकांत सागरी जिवांचे अवशेष सापडतात. पश्चिमेला उरल पर्वताशी आशिया संपतो आणि युरोप सुरू होतो ही तर निव्वळ माणसांनी ठरवलेली रेघ. जमीन तिथे तुटत नाही. खंड असा लांबलांबून आलेल्या तुकड्यांचा बनलेला आहे. आणि हिंगोली जिल्हाही तसाच बनलेला आहे. दगड तर परगावचा आहेच, पीक, पाऊस, माणसे आणि देव यांचेही धागे कुठून कुठून आलेले आहेत. ते धागे एकेक करून हातात घेतले तर पुढची प्रकरणे परकी वाटणार नाहीत.

आधी जमीन पाहू. जिल्ह्याचे क्षेत्र साडेचार ते पावणेपाच हजार चौरस किलोमीटर. पाच तालुके : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत. उत्तरेकडून अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आत शिरतात. सेनगाव, औंढा, कळमनुरीचा बराच भाग त्यामुळे चढउताराचा, बरड, हलक्या मातीचा. वसमतकडे उतरावे तशी माती खोल आणि काळी होत जाते. गंमत अशी की मूळ दगड दोन्हीकडे एकच. डोंगरावर तोच बेसॉल्ट झिजून वीतभर मुरमाड माती उरते आणि पाण्याबरोबर खाली वाहून आलेली त्याचीच माती नदीकाठी पुरुष-दोन पुरुष खोल साचते. एका दगडातून दोन नशिबे निघाली. वसमतच्या काळ्या रानाचा शेतकरी आणि सेनगावच्या बरडावरचा शेतकरी एकाच पावसात पेरतात, पण पावसाने वीस दिवस ओढ दिली की दोघांची गणिते पार वेगळी होतात.

औंढ्याच्या डोंगरावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले असे धरा. एक उत्तर उतारावर, एक दक्षिण उतारावर. उत्तरेचा ओढ्यानाल्यांतून कयाधूत जाईल. हिंगोलीच्या अंगाने वाहणारी कयाधू त्याला पैनगंगेत नेईल, पैनगंगा चंद्रपूरकडे वर्धेत, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होईल आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळेल. दक्षिणेचा थेंब पूर्णेत उतरेल आणि परभणी जिल्ह्यातच गोदावरीला लागेल. तो नांदेडचे घाट पाहील, तेलंगणात शिरेल आणि शेकडो किलोमीटर चालून सिरोंचाच्या समोर पहिल्या थेंबाला भेटेल. तिथून दोघे बंगालच्या उपसागरात. वर्गात पाणलोट समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि ते शोधायला औंढ्याच्या बाहेर जावे लागत नाही.

हा थेंब येतो कुठून? अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि मराठवाड्याच्या पश्चिम भागाला पर्जन्यछायेत टाकून पुढे सरकतात. हिंगोली, नांदेड या पूर्वेकडच्या जिल्ह्यांना मात्र दुसरा आधार आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकला की इकडे चांगला पाऊस होतो. आणि मुळात मॉन्सूनचे वारे इतक्या ओढीने खंडाकडे यावेत यामागे उन्हाळ्यात तापणारे आशियाचे विशाल अंतरंग आणि तिबेटचे उंच पठार यांचा मोठा हात आहे. ते पठार उंचावले तेही आपला भूखंड आशियावर येऊन धडकला म्हणून. मृगात तिफण धरणाऱ्या शेतकऱ्याचे तिबेटशी हे असे नाते आहे. दुबार पेरणीची वेळ आली तर त्याची कारणेही पुष्कळदा त्याच्या शिवारापासून हजारो किलोमीटर दूर असतात. खत, बियाणे, मशागत हे सगळे त्याने वेळेवर केलेले असते.

पडलेले पाणी अडवले की भूगोल बदलतो. पूर्णेवर येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे झाली, कालवे निघाले आणि वसमतच्या रानात ऊस, केळी, हळद उभी राहिली. साखर कारखाना आला, बाजार आला, शिक्षणसंस्था आल्या. पैनगंगेवर इसापूरचे धरण कळमनुरी आणि पुसद या तालुक्यांच्या सीमेवर आहे. त्याचे पाणी कळमनुरीच्या काही भागाला मिळते, पण मोठा लाभ खाली नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत जातो. सेनगाव, हिंगोली, औंढ्याची कितीतरी गावे अजून आभाळावर आहेत. जिल्ह्याच्या नकाशावर कालव्यांची जाळी काढा आणि दुसऱ्या कागदावर दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-हैदराबादला कामाला जाणाऱ्या गावांच्या खुणा करा. एक कागद दुसऱ्यावर ठेवला की दिसेल, जिथे कालवा नाही तिथे कुलपे जास्त आहेत. सिंचनाच्या अनुशेषावर इथे वर्षानुवर्षे बोलले जाते. ती मागणी रास्त आहे, आणि ती भूगोलाचीच मागणी आहे.

आता हळद. या जिल्ह्याचे नाव आज देशाच्या बाजारात कशाने घेतले जात असेल तर हळदीने. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला हळद संशोधन केंद्रही उभे राहिले आहे. सांगली, निजामाबाद, इरोड या जुन्या पेठांच्या बरोबरीने हिंगोलीच्या मोंढ्यातल्या भावाकडे व्यापारी लक्ष ठेवतात. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याने या पिकात पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हळदीला बी धरत नाही. तिच्या गुणसूत्रांची घडणच अशी आहे की फूल आले तरी रुजेल असे बीज तयार होत नाही. वाऱ्याने, पाखराने, पुराने ही वनस्पती एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ शकत नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियात कुठेतरी माणसाने ती आपलीशी केली, आणि तेव्हापासून आजवर हळदीचा प्रत्येक गड्डा कुणीतरी हाताने उचलून, बेणे म्हणून जपून, दुसऱ्या मातीत लावलेला आहे. इंडोनेशियाच्या बेटांपासून मराठवाड्यापर्यंत या पिकाचा सारा प्रवास माणसाच्या ओच्यातून आणि पोत्यातून झालेला आहे.

हळदीचे काम जवळून पाहिले की हे अधिक पटते. उन्हाळा सरता सरता गादीवाफे पाडून, ठिबकच्या नळ्या अंथरून लागण होते. आठ-नऊ महिने पीक रानात असते. पाणी साचले की कंदकूज, दमट हवा राहिली की पानांवर करपा. पाला वाळून पिवळा झाला की तो कापतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डे उकरतात. बायका मांडी घालून बसतात आणि मातीने लडबडलेला गड्डा हातात घेऊन कडकड मोडतात : मधला जाड मातृकंद एका बाजूला, बोटांसारखी हळकुंडे दुसऱ्या बाजूला. मग शिजवणे. पूर्वी मोठ्या कढईत शिजवत, आता बहुतेक ठिकाणी वाफेचे बॉयलर फिरतात. हळकुंडात काडी सहज घुसली म्हणजे ते शिजले. त्यानंतर सुमारे दोन आठवडे खळ्यावर उन्हात वाळवण. या दोन आठवड्यांत अवकाळी पावसाची एक सर आली तरी वर्षाचा रंग जातो. वाळलेले हळकुंड मोडले की खणखणीत आवाज यायला हवा. शेवटी ते ढोलात घालून फिरवतात, वरची साल झडते आणि तो झळाळणारा पिवळा रंग बाहेर येतो. या काळात मजुरांचे हात, कपडे, खळ्यावरचे ढेकूळसुद्धा पिवळे झालेले असते. बाजारातल्या पुडीवर यातले काहीच लिहिलेले नसते.

शिवारातली बाकीची पिकेही अशीच दुरून आलेली. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत. सोयाबीन पूर्व आशियातले, चीनच्या बाजूचे. गेल्या काही दशकांत त्याने इथल्या खरिपाचा मोठा हिस्सा व्यापला, आणि ज्वारी मागे सरल्यामुळे कडबा कमी झाला, कडबा कमी झाला म्हणून दावणीची जनावरे कमी झाली. आजचा बीटी कापूस अमेरिकेकडच्या जातीचा. तूर मात्र आपल्या भारतभूमीतलीच.

माणसांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि त्यांतले जेमतेम पंधरा टक्के लोक शहरांत राहत होते. डोंगरपट्ट्यातल्या गावांत आंध आदिवासींची जुनी वस्ती आहे. त्याच पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. बंजारे म्हणजे एके काळचे आशियातले मोठे वाहतूकदार. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे उत्तरेतून दख्खनमध्ये येत, सैन्यांना रसद पुरवत. पुढे रेल्वे आणि पक्के रस्ते झाले, बैलाच्या पाठीवरचा व्यापार बुडाला आणि चालता तांडा डोंगराच्या कुशीत थांबला. नायकाच्या नावाने ओळखली जाणारी वस्ती झाली. भाषा मात्र राजस्थानशी नाते सांगणारी राहिली. याच समाजाला तेलंगणात अनुसूचित जमातीत धरतात आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. राज्याची सीमा ओलांडली की माणसाचा सरकारी वर्ग बदलतो, हाही मानवी भूगोलच.

हिंगोली शहरात फिरताना मोहल्ल्यांची नावे कानावर पडतात : पलटण, तोफखाना, रिसाला, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही सगळी छावणीची नावे आहेत. निजामाच्या खर्चाने पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इथे असे. उत्तर हिंदुस्थानातले शिपाई आले, त्यांच्यामागे व्यापारी, गवळी, कारागीर आले आणि पेन्शनीनंतर पुष्कळजण इथेच राहिले. शहराचा दीडशे वर्षांहून जुना दसरा महोत्सव आणि रामलीला मैदान हे त्या उत्तरेच्या सहवासाचे आजचे रूप. पण या छावणीचा सर्वांत मोठा परिणाम नकाशावर झाला. कंटिन्जंटच्या खर्चाची थकबाकी निजामाच्या डोईवर चढत गेली आणि तिच्यापायी १८५३ मध्ये त्याला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. पैनगंगा ही तोवर नुसती नदी होती. ती आता दोन राजवटींमधली सीमा झाली. पलीकडे इंग्रजी कारभार, लवकर आलेली रेल्वे, कापसाच्या पेठा. अलीकडे निजामी मुलूख, उर्दूतला सरकारी कारभार, जहागिऱ्या. नदीच्या दोन्ही काठांवर माती तीच, नातीगोती तीच, बोलीही जवळपास तीच. तरी विदर्भ आणि मराठवाडा असे दोन प्रदेश घडले.

निजामाची मीटरगेज रेल्वेही पूर्ण्याहून आली ती हिंगोलीला थांबली. पुढे वाशीम, अकोला आणि खांडव्याकडे रूळ गेले ते स्वातंत्र्यानंतर. मग काचिगुडा ते जयपूर धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस या मार्गाने जाऊ लागली आणि हिंगोलीच्या फलाटावर राजस्थान आणि तेलंगण एकाच डब्यात दिसू लागले. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. राजकीय सीमा मात्र एकेक करून बदलत गेल्या : १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. दगडाच्या साडेसहा कोटी वर्षांपुढे या जिल्ह्याचे वय केवढे!

इथून बाहेर गेलेल्यांमध्ये पहिले नाव नामदेवांचे. कयाधूच्या काठचे नरसी हे त्यांचे जन्मगाव म्हणून पूजले जाते आणि औंढ्याशी त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची आठवण जोडलेली आहे. नामदेव चालत पंजाबात गेले, घुमानला राहिले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते याच नात्यामुळे. उलट दिशेने गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि १७०८ मध्ये तिथेच त्यांचे महानिर्वाण झाले. पंजाबातून नांदेडला येणारे भाविक नरसीलाही येतात. सतलज-बियासचे खोरे आणि गोदावरीचे खोरे यांना जोडणारी ही वाट माणसांनी पायी चालून तयार केली. नैसर्गिक विभागांच्या नकाशावर अशा वाटा दाखवत नाहीत. वाचकाने त्या स्वतः भराव्यात.

शेवटी पुन्हा जमिनीकडे, कारण ती अजून स्थिर झालेली नाही. आपला भूखंड दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने आजही उत्तरेकडे रेटतो आहे आणि त्याचा ताण पठाराच्या पोटापर्यंत पोहोचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने मराठवाड्याला हे फार क्रूरपणे शिकवले. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येण्याचा अनुभव लोक कित्येक वर्षे घेत आहेत. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै अशा दोन वेळा ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. लोक रस्त्यावर आले, काही घरांच्या भिंतींना तडे गेले. दगड-मातीच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना याची भीती वाटणे साहजिक आहे. भूकंपाला टिकणारी घरबांधणी ही या जिल्ह्याच्या शाळांत शिकवायची गोष्ट आहे.

आणि याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून जाणारा लेसरचा किरण, टोकाला आरसे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली तर या आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या आकाराहून कितीतरी कमी बदलते, आणि तेवढा बदल टिपायचा आहे. भूकंपाचे धक्के बसणाऱ्या जिल्ह्यात हे यंत्र कसे, असा प्रश्न इथले लोक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. त्याचे उत्तर असे : अधूनमधून बसणाऱ्या धक्क्याच्या वेळी निरीक्षण थांबते आणि पुन्हा सुरू करता येते. यंत्राला खरी गरज असते रोजच्या शांततेची. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटल्याने जमिनीत सतत कंप राहतो. महामार्ग, कारखाने, रेल्वे यांचाही राहतो. हिंगोली समुद्रापासून लांब, मोठ्या उद्योगांपासून लांब. ज्या आडबाजूपणामुळे हा जिल्हा मागास म्हणून नोंदला गेला, तोच या कामात त्याचा गुण ठरला. शिवाय अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपासून ही जागा पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला असल्याने लहर आकाशातल्या नेमक्या कुठल्या भागातून आली हे ठरवणे सोपे होईल. चार किलोमीटर सरळ रेषेत नळी टाकायची तर पृथ्वीचा गोलवाही आड येतो. तेवढ्या अंतरात तो मीटरभराहून अधिक भरतो आणि पायाच्या काँक्रीटमध्ये त्याची भरपाई करावी लागते. पृथ्वी गोल आहे हे औंढ्याच्या माळावर गवंडीकामात दिसणार आहे.

पुस्तकाची रचना भूपट्ट, हवामान, नद्या, शेती, वस्ती अशा क्रमाने आहे, पण त्याच क्रमाने वाचले पाहिजे असे नाही. शेतकऱ्याने मॉन्सूनच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, शिक्षकाने नद्यांच्या. ज्यांच्या घरातले कुणी दर वर्षी दिवाळीनंतर गाव सोडते त्यांनी स्थलांतराचे प्रकरण आधी काढावे. त्यातली पश्चिम आशियातल्या मजूर-वस्त्यांची आणि चीनमधल्या खेड्यांची पाने त्यांना ओळखीची वाटतील. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नकाशा आहे. त्यावर हिंगोलीचा ठिपका छापलेला नाही. तो साधारण १९ अंश ४३ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७७ अंश ९ मिनिटे पूर्व रेखांशावर पेन्सिलीने काढून घ्यावा आणि मग वाचायला बसावे.